हळद-चुन्याची पाच मिनिटं

"आता या वयात काहून पळून राहिली? कोणी मागं लागलं काय?" रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या गल्लीने हे मला इतक्यांदा विचारलं की मी उत्तर देणं सोडून दिलं. पंचेचाळीस वर्षांची, सरकारी ऑफिसात फायली करणारी बाई उजाडायच्या आत हाफ पँट घालून सायकलवर अभनपूरकडे जाते, हे लोकांना पचत नव्हतं. नाही पचत तर ओवा खा म्हणावं.

मी लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनची तयारी करत होते. म्हणजे एकाच दिवशी आधी जवळजवळ दोन किलोमीटर पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल, आणि वर एकवीस किलोमीटर पळायचं. सगळं साडेआठ तासांत. मिनिटभर उशीर झाला तरी पूर्ण केलेल्यांच्या यादीत नाव येत नाही. मला त्या यादीत माझं नाव पाहिजे होतं. नंबर नको, कप नको, नाव पाहिजे होतं.

शर्यतीला पाच आठवडे राहिले आणि गुडघा गेला. धान निघालं की आमच्याकडे लोक अर्ध्या डांबरी रस्त्यावर ते वाळत घालतात. समोरून ट्रक आला, मी सायकल धानावर घातली, चाक सरकलं आणि धाडकन गुडघ्यावर पडले. धानवाली म्हातारी धावत आली. तिने आधी मला उठवलं, मग माझ्या कपड्यांना चिकटलेले दाणे झटकून परत धानात टाकले. डॉक्टर म्हणाले, "लिगामेंट ताणलंय, शर्यत विसरा." मी "हव" म्हटलं. हव म्हणजे हो. हव म्हटलं की समोरचा माणूस गप्प बसतो, म्हणून म्हटलं.

घरात मी आणि बाबा, दोघंच. बाबा रेल्वेत गार्ड होते. गाडी किती मिनिटं लेट, हे लिहिण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. त्यांनी पळ म्हटलं नाही आणि पळू नको असंही म्हटलं नाही. रोज सकाळ-संध्याकाळ कढत हळद-चुना मात्र गुडघ्याला लावत राहिले. चुना पडला की हळद लालभडक होते. पाच आठवडे माझ्या सगळ्या सलवारी आणि चादरी लाल झाल्या.

शर्यतीचा नियम मी त्यांना आधीच सांगून ठेवला होता. "बाबा, बाहेरच्या कोणी मदत केलेली चालत नाही. पाणीसुद्धा त्यांच्याच टेबलावरचं घ्यायचं."

"बाहेरचा कोण आहे वो? मी तुहा बाप आहो," बाबा म्हणाले. मी हसले. तिथेच चुकले.

त्या दिवशी नव्या रायपूरच्या तळ्यात पोहणं झकास झालं. सायकलही साठ किलोमीटरपर्यंत ठीक चालली. मग अभनपूरच्या अलीकडे गुडघा आखडला. पॅडल फिरेना. खाली उतरले, तर पन्नास पावलांवर बाभळीखाली आमची स्कूटर उभी, आणि शेजारी बाबा. हातात टॉवेलात गुंडाळलेला डबा.

"बस," ते म्हणाले.

मी नको म्हणायला पाहिजे होतं. मी पाय पुढे केला. त्यांनी गरम लेप लावला, जुन्या धोतराची पट्टी बांधली, आणि मी निघाले. दुखणं कमी झालं की नाही देव जाणे, पण गुडघा वाकायला लागला.

नव्वद किलोमीटर संपवून सायकल ठेवली आणि पळायचे बूट घातले. पट्टी तोवर घामाने सुटून घोट्यावर आली होती आणि पिंढरीभर लाल ओघळ आले होते. शिट्टी गळ्यात घातलेली पंचबाई धावत आली.

"दीदी, आपको खून निकल रहा है। मेडिकल में धुलवा लीजिए, फिर दौड़िए।"

झालं असतं की हो! धुवायचं आणि पळायचं. कोणाला कळणार होतं? बाभळीला? पण ज्या माणसाने तो लेप लावला, त्यानेच मला लहानपणापासून खोटं बोलू दिलं नव्हतं. मोठी पंचाईत.

"खून नहीं है। हल्दी-चूना है," मी म्हटलं. "रास्ते में मेरे बाबा ने लगाया।"

तिने खिशातून वही काढली. "फिर तो मुझे लिखना पड़ेगा।"

"लिखिए।"

पाच मिनिटांची शिक्षा. दोरी लावलेल्या चौकोनात नुसतं उभं राहायचं. तिथली पाणी वाटणारी मुलगी कुजबुजली, "दीदी, नहीं बोलतीं तो किसको पता चलता?"

"मुझे पता चलता ना!" मी तिच्यावर खेकसले. बिचारीची काही चूक नव्हती. गुडघा थंड पडत होता आणि मला रडायला येत होतं, म्हणून खेकसले.

एकवीस किलोमीटरमधले निम्मे चालले असेन. मागे पडलेल्यांना उचलणारी गाडी सारखी माझ्या मागे येत होती. "बैठ जाइए मैडम, बहुत हो गया।" बहोत झालं की नाही ते मी ठरवणार, गाडी कोण ठरवणारी? बसले नाही.

शेवटच्या किलोमीटरला दोरीपलीकडे बाबा दिसले. शिक्षेचं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ते माझ्या चालीने चालत होते. बाकीचे लोक टाळ्या वाजवत होते.

"बाबा, टाळी तरी वाजवा!" मी ओरडले.

त्यांनी मान हलवली. "तेही मदतीत धरतील."

मी पोचले तेव्हा घड्याळ साडेआठ तासांच्या तीन मिनिटं पुढे गेलं होतं. ती पाच मिनिटं उभी राहिले नसते, तर दोन मिनिटं आधीच पोचले असते. आयोजकांपैकी एक भैया पदक घेऊन पुढे आला. "ले लीजिए दीदी, तीन मिनट कौन गिनता है।"

"मैं गिनती हूँ," मी म्हटलं, आणि पदक त्याच्या हातात परत ठेवलं. नाव यादीत नाही तर पदक गळ्यात कशाला?

मग मात्र तिथेच गवतावर बसले. बाबा दोरीपाशी उभे होते, हात अजून पाठीमागे.

"माह्यामुळं गेलं, पोट्टे."

"पाय मी पुढे केला होता, बाबा."

त्यांनी विचारलं, "संपली ना आता शर्यत?"

"संपली."

"मंग हात लावू काय?"

"लावा ना. आता कोणाच्या बापाची भीती नाही."

ते दोरीखालून वाकून आत आले, गवतावर बसले आणि सगळ्यांसमोर माझा पाय मांडीवर घेतला. घोट्यावर अडकलेली पट्टी सोडून तिची नीट घडी केली.

"पुढच्या साली डबा घरीच ठेवीन," म्हणाले.