मिठानं खाल्लेली पट्टी

शामकला वर्षभर सूडावर जगली, आणि मला त्यात काही वावगं दिसत नाही. केशोरीजवळच्या आमच्या गावात तिचा नवरा योगराज नळयोजनेची मोटर चालवायचा. गेल्या धानाच्या हंगामात स्टार्टरच्या पेटीला त्याचा हात लागला आणि तो जागीच गेला. चौकशीत ठरलं, गड्यानं ओल्या हातानं पेटी उघडली, चूक त्याचीच.

ही चौकशी किती खरी ते गावाला ठाऊक होतं. पेटीत उतरलेला करंट जमिनीत जावा म्हणून मोटरघरामागं अर्थिंगचा खड्डा असतो, त्यात लोखंडी पट्टी पुरलेली. तपासणीवाले येणार म्हटलं की ठेकेदार टेकचंद खड्ड्यात मीठ टाकून बादल्या ओतायला लावायचा. खारट ओलीत मीटरचा आकडा कमी यायचा, कमी म्हणजे चांगला, की झाली सही. तेच मीठ मग खाली पट्टी खात बसायचं. आणि ते ओतायचा कोण? योगराजच. "त्याचं मरन त्याच्याच हातानं पेरून घेतलं," शामकला दात खाऊन म्हणायची.

यंदा उन्हाळ्यात नवी मोटर आली. काम पुन्हा टेकचंदलाच, कारण आम्ही गावकरी शेळपट. पट्टी नवी टाकली, असं त्यानं छाती ठोकून सांगितलं. तपासणी आणि मोटरची पूजा एकाच दिवशी धरली, पूजेला बसायला बायको रुख्माला घेऊन आला. शामकला सकाळपासूनच खड्ड्याच्या झाकणावर मांडी ठोकून बसली होती. टेकचंदचा माणूस मिठाची थैली घेऊन आला तेव्हा म्हणाली, टाकायचं तर माझ्या डोक्यावर टाक. तो आल्या पावली परत गेला.

कोरड्या खड्ड्यात मीटरचा आकडा भलताच चढला. इंजिनिअरनं खणायला लावलं. जुनीच पट्टी निघाली, हातात घेताच तिचा भुगा झाला. टेकचंदची सारवासारव सुरू झाली. पट्टी उद्या बदलू, मोटर तर ठीक आहे, मुहूर्त कशाला मोडायचा.

शामकला उठली. "मोटर ठीक हाये न? मंग चालू कर अन् पेटीवर हात ठेव. पाय ओले करून."

टेकचंदनं लोकांकडं पाहिलं. आमच्यातला एकही त्याच्या बाजूनं बोलला नाही, याचा मला आजही आनंद आहे. शेवटी त्यानं सर्वांसमोर कबूल केलं की चूक योगराजची नव्हती, पट्टी आपणच सडू दिली. हात जोडले. नवऱ्याच्या नावावरचा डाग गेला, आता ही निवेल असं आम्हाला वाटलं. ती तसूभर हलली नाही.

"माफी नोको. हात ठेव."

टेकचंद चिडून खरंच पेटीकडं वळला. मोटर तर बंदच होती, तरी रुख्मानं पूजेचं ताट टाकून त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि रडू लागली.

शामकला तिच्याजवळ गेली.

"तुले हात धराले भेटला, बाई. मी घरी भात रांधून राहिली होती."