फिरकीच्या तांब्यावर काढलेलं पत्रक

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी पत्रकं काढायचो. बोटांना सायक्लोस्टाईलची शाई आणि तोंडात कायम कुणाला तरी जाब. ‘जिल्हा नवा, टँकर जुनाच’ ही ओळ माझी. एस.टी. स्टँडवर लोक ती वाचून हसायचे आणि मला वाटायचं, क्रांती होऊन राहिली.

त्याच सुमारास पडलेल्या दुष्काळात नांदेडच्या एका दवाखान्यातल्या डॉक्टरबाई आमच्याकडच्या गावांत यायला लागल्या. त्यांच्या वॉर्डात अत्यवस्थ होऊन येणाऱ्या बाळंतिणी इतक्या उशिरा का पोचतात, याचा त्या अभ्यास करत होत्या. बाळंतीण वाचलेली असो की गेलेली, त्या तिच्या घरी जायच्या, सासूसमोर भुईवर बसायच्या. कळा कधी लागल्या, जीप कुणी शोधली, वाटेत किती वेळ गेला, सगळं लिहून घ्यायच्या. लोकांनी मोकळं बोलावं म्हणून मला सोबत न्यायच्या.

आमच्या बौद्ध वस्तीतल्या एका काकूंची थोरली सून बाळंतपणात गेली होती. धाकटीला सातवा महिना. बाईंनी थोरलीची हकिगत लिहून घेतली आणि उठताना धाकटीच्या सुजलेल्या पायावर अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला. मग रक्तदाब बघितला.

“काकू, हिला दर आठवड्याला नांदेडला आणा. डोकं दुखलं, अंधारी आली, तर त्याच दिवशी. झटके आले तर दोन्ही जीव जातील.”

“आणते की,” काकू म्हणाल्या आणि पाण्याचा गडवा पुढं केला.

बाईंनी हात जोडले. “नको, माझ्याजवळ आहे.” पिशवीतून फिरकीचा पितळी तांब्या काढून त्या प्यायल्या.

झालं. माझ्या आज्याच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे, हे ऐकत मी वाढलेलो. बाईंचं आडनाव मला ठाऊक होतं. त्याच आठवड्यात पत्रक निघालं : ‘आमची मढी अभ्यासाला चालतात, आमचं पाणी चालत नाही!’ वस्तीत मीच ते खड्या आवाजात वाचून दाखवलं. काकूंनी दोनदा वाचायला लावलं.

पुढच्या खेपेला बाई आल्या तर दारं बंद. काकू आतून ओरडल्या, “इटाळ व्हईल बाई तुमाला, जावा माघारी!” बायका खदखदा हसल्या. मीही हसलो.

धाकटी नांदेडला एकदाही गेली नाही. नववा लागला तसं तिचं डोकं ठणकायला लागलं. काकूंनी सुंठ उगाळून लावली. तिसऱ्या दिवशी सकाळी झटके आले. मीच जीप आणली. वाटेत अहमदपूरजवळ पुन्हा झटका आला तेव्हा तिचे पाय मी धरले होते.

तिला आत घेतल्यावर बऱ्याच वेळानं बाई बाहेर आल्या. “पत्रक वाचलं मी,” म्हणाल्या. “टँकरची वाट बघणाऱ्या घरातलं पाणी मी पीत नाही, कुठल्याच. हे तिथंच बोलायला हवं होतं, ते माझं चुकलं. पण तू इतकी गावं फिरलास माझ्याबरोबर. एकदा विचारायचंस तरी.”

विचारायचं काय? पाटलाच्या ओसरीवरही बाईंनी तोच तांब्या काढला होता. मी शेजारीच बसलो होतो. पत्रक लिहिताना ते मला आठवलंही होतं. पण ते घातलं असतं तर पत्रकच उरलं नसतं.

सून वाचली. बाळ गेलं.

काकू व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. “त्या कागदातलं खरं व्हतं ना रं?”

“पाटलाच्यात बी बाईंनी पाणी घेतलं न्हवतं, काकू. मला ठावं व्हतं.”

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, “सुनेला सुद आली हाय. बाळ कुठं हाय म्हणून इचारून राहिली. तुला वाचून दाखवाया लई चांगलं येतं. जा, सांग तिला.”

मी दारापर्यंत गेलो. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. ओळखीचा माणूस दिसला म्हणून तिचा चेहरा जरा निवळला.

मी माघारी फिरलो. सांगायला डॉक्टरबाई आत गेल्या.