तांदूळ विकत घेणारी बाई

“मॅडम, लवकर चला. तांदळाच्या रॅकपाशी एका बाईनं पाकीट फोडलं!”

गार्ड धापा टाकत आला होता. मी हातातली साबणाची पेटी तशीच खाली ठेवली. तांदूळ? मला आधी हसूच आलं. आमच्या मार्टात लोक चॉकलेट फोडून खात, काजूच्या पाकिटाला भोक पाडत. एकदा तर एका सभ्य गृहस्थानं दाढीचं क्रीम तिथंच गालाला फासून पाहिलं होतं. पण आमच्या पवनी गावातून कोणत्याही रस्त्यानं बाहेर पडा, दोन्ही बाजूंना धानच धान. इथं तांदळाचं पाकीट कोण फोडेल बापा?

मी तेव्हा त्या मार्टात फ्लोअर सुपरवायझर होते. पद ऐकायला मोठं. काम असं की रॅक रिकामी दिसू द्यायची नाही, गोंधळलेल्या माणसाला डाळीचा रस्ता दाखवायचा आणि ऑडिट आलं की बोलणी खायची. फुटलेल्या, उघडलेल्या मालाला आम्ही डॅमेज म्हणतो. डॅमेज वाढलं की वरून मॅनेजरला फोन येतो, आणि मॅनेजर तो सगळा राग जसाच्या तसा माझ्याकडे आणून देतो. मार्टात येण्याआधी बरीच वर्षं मी बाजारातल्या दिवाकरभाऊंच्या किराणा दुकानात होते. त्यामुळे दोन्हीकडचं मीठ खाल्लेली मी बाई आहे.

रॅकपाशी जाऊन पाहते तर पन्नाशीची एक बाई उभी. धुतलेली नीट साडी, डोक्यावर पदर, काखेत घडी केलेली नायलॉनची पिशवी. पाकिटाचा कोपरा दातानं फाडलेला. आणि बाईचं तोंड हळूहळू हलतच होतं.

“काय खाऊन राहिली बाई?” मी विचारलं.

“तांदूर,” ती साधेपणानं म्हणाली. “जुना हाये का नवा, पाहून राहिली होती. नवाच हाये वं हा. दाताले चिकटते.”

आता हे बाहेरच्यांना सांगायला पाहिजे. आमच्याकडे तांदूळ पाकीट वाचून घेत नाहीत. चार दाणे तोंडात टाकायचे आणि पुढच्या दातांनी तोडायचे. वर्षभर मुरलेला दाणा कट् करून तुटतो. नव्याचं पीठ होऊन दाताला बसतं. किराणा दुकानात तर बोरीचं, म्हणजे पोत्याचं, तोंड उघडंच असतं. गिऱ्हाईक येतं, मूठभर हातावर घेतं, चावतं, मान हलवतं. दिवाकरभाऊंच्या दुकानात कोणालाही ते नवल वाटलं नसतं. मार्टात मात्र तो गुन्हा होता, आणि त्या गुन्ह्याला शिक्षाही ठरलेली होती. माल फोडणाऱ्याचा फोटो काढायचा आणि दाराजवळच्या बोर्डावर लावायचा. हा नियम आमच्या मॅनेजर साहेबांचा. नागपूरचा पोरगा, स्वभावानं वाईट नव्हता. पण काजू-बदामाच्या डॅमेजनं त्याच्या नाकी नऊ आणले होते.

गार्डनं फोटोचं नाव काढलं आणि बाईचा चेहराच उतरला. तिनं कमरेची चंची काढली. “पाकिटाचे पैसे घ्या वं बाई. सारे घ्या. फोटो नोको काढू, पाया पडते तुह्या.”

मी तिला आट्याच्या थप्पीमागे घेऊन गेले. गार्ड मागंमाग आला. जा म्हटलं तरी हलेना. पळून गेली तर त्याच्यावर आलं असतं.

“एवढी काहून घाबरून राहिली? गाव कोणतं?”

“लाखांदूर रोडनं येते.” गावाचं नाव तिनं घेतलं नाही. “पारबता म्हन मले.”

“मग लाखांदूरले गेली असती. तिथं दुकानं नाहीत काय?”

“तिथं मले सारे ओळखतेत ना माय!” ती एकदम बोलली आणि मग थांबेचना. “लेक आली हाये, पयलं बाळंतपन. पोरगी झाली, दोघीबी चांगल्या हायेत. पर बाळंतिनीले नवा तांदूर कसा देऊ? पोट धरते तिचं, अंगावरच्या लेकराले बाधते. जुना पाह्यजे. आन् जुना कुठून आनू? मांगच्या साली तुडतुड्यानं उभं धान खाल्लं. जे आलं ते खाऊन झालं. ढोली रिकामी हाये. आता परवा विहीनबाई येऊन राहिल्या नात पाहाले. लेकीच्या ताटातला भात पायतीन का नाही? म्हनतीन, एवढी धानवाल्याची लेक, आन् मायनं तांदूर इकत आनला! माह्या लेकीले जलमभर आयकवतीन.”

तुडतुडा म्हणजे धानावरचा बारीक किडा. उभं पीक पाहता पाहता वाळवून टाकतो. आणि ढोली म्हणजे घरातली धान साठवायची जागा. आमच्याकडे घर केवढं, दारात गाडी कोणती, हे नंतर पाहतात. आधी विचारतात, घरात जुना तांदूळ आहे का? मागच्या वर्षीचा उरला म्हणजे घर खाऊन-पिऊन सुखी. पाहुण्याला जुन्या तांदळाचा भात वाढताना आमच्या बायांचा हात कसा ऐटीत फिरतो, ते पाहायलाच हवं. तांदूळ विकत घेणं म्हणजे भर चौकात घरची लाज काढणं. म्हणून ही बाई आपलं गाव सोडून, लाखांदूर सोडून, जिथं तिला काळं कुत्रं ओळखत नाही अशा चकाचक दुकानात एसटीनं आली होती. आणि आम्ही तिचा फोटो दारावर लावायला निघालो होतो!

मला फार वाईट वाटलं. माझी स्वतःची लेक तेव्हा पोटुशी होती. पारबताबाईच्या जागी मी असते तर मीसुद्धा तेच पाकीट फोडलं असतं, दातानं.

तेवढ्यात मॅनेजर साहेब आलेच. हातात मोबाइल, कॅमेरा सुरू.

“नंदा मॅडम, हीच का ती?”

“कोण ती, सर?”

“ज्यांनी पाकीट फोडलं त्या.”

“पाकीट मी फोडलं,” मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं. “सॅम्पल म्हणून.”

“तांदळाचं सॅम्पल?”

“का? चहाचं देतात, बिस्किटांचं देतात. कंपनीची पोरगी टेबल मांडून चिवडा चाखवते. इथं तांदूळ हलत नाही म्हणून तुम्हीच रोज ओरडता ना? इकडचं गिऱ्हाईक चावल्याशिवाय घेत नाही. मी बाईंना चाखायला दिला.”

साहेबानं पाकिटाकडे पाहिलं. दातांचे ठसे स्पष्ट होते. त्या रॅकवर कॅमेरा नव्हता. कॅमेरे शॅम्पूवर आणि सुक्या मेव्यावर. तांदूळ कोण चोरेल, म्हणून तिकडे लावलाच नव्हता. पाहणारा एकच, आमचा गार्ड. साहेब त्याच्याकडे वळले.

“तू तर सांगत होतास, बाईनं फोडलं?”

गार्ड जवळच्याच खेड्यातला, नोकरी नवी. तो एकदा पारबताबाईकडे पाहत होता, एकदा जमिनीकडे.

“मॅडमनंच फोडलं सर,” तो म्हणाला. “मले दुरून बराबर दिसलं नाही.”

साहेबानं मोबाइल खिशात घातला. त्याला काय कळलं, काय नाही, देव जाणे. “मॅडम, पुढच्या वेळी सॅम्पल कैचीनं उघडा,” एवढंच बोलून तो गेला. पाकीट डॅमेजमध्ये गेलं. त्याबद्दल मला पुढं दोन शब्द ऐकावे लागले, ते मी ऐकून घेतले.

पण खरी पंचाईत पुढंच होती. फोटो टळला, पण जुना तांदूळ कुठं मिळाला होता? मार्टातला सगळा माल नवा. पाकिटावर पॅकिंगची तारीख असते, धान कधीचं ते कोणी लिहीत नाही. जुना, खात्रीचा तांदूळ पवनीत एकाच ठिकाणी मिळतो, ते मला माहीत होतं. दिवाकरभाऊंकडे. पण दिवाकरभाऊ म्हणजे, काय सांगू! माणूस सोन्यासारखा, जीभ मात्र एक घडी स्वस्थ नाही. कोणी डिंक मागितला की, “कोन बाळंतीन झाली वं?” कोणी जास्तीची साखर घेतली की, “पाहुने कोठचे?” गिऱ्हाईक पायरी उतरेपर्यंत त्याचं गाव, गोत्र, जमीन आणि जावई, सगळं त्यांना पाठ. मी नोकरीला होते तेव्हा अर्धा वेळ माल मोजण्यात जाई आणि अर्धा त्यांना “भाऊ, पुरे” म्हणण्यात. आता दोन्हीकडची गिऱ्हाईक म्हणूनही सांगते. मार्टात कोणी काही विचारत नाही, हेच तिथलं मोठं सुख. माझे केस काळे करायचं पाकीट मी आजवर भाऊंकडून घेतलेलं नाही.

तरी मी फोन लावला. सुपरवायझर असून गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दुकानात पाठवत होते. साहेबानं ऐकलं असतं तर खरंच माझा फोटो लागला असता.

“भाऊ, एका बाईला पाठवते. जुना तांदूळ द्या, घरी खाता तो. आणि भाऊ, हात जोडते, तिला काही विचारू नका.”

“काही म्हंजे?”

“काहीच. गावही नाही, नावही नाही.”

“नंदे, तू मले उपास धराले सांगून राहिली,” भाऊ म्हणाले. “बरं, पाठव.”

पारबताबाईला रस्ता समजावला. ती दारापर्यंत गेली, परत आली, माझे दोन्ही हात हातात घेतले. गार्डनं तिला दार उघडून दिलं.

महिना-दीड महिन्यानं ती पुन्हा मार्टात आली. या वेळी पदर सैल, चाल मोकळी. सोबत लेक आणि लेकीच्या खांद्यावर दुपट्यात गुंडाळलेली नात. लहान लेकराचा साबण घ्यायला आल्या होत्या. लेक भारी बोलकी. माझी ओळख ना पाळख, तरी सांगू लागली, “माही सासू त खुस झाली काकू! म्हने, तुह्या मायच्या घरचा जुना तांदूर काय मोकळा शिजते! जातानी बांधूनबी घेऊन गेली.”

पारबताबाई साबणाच्या वड्या उलट्यासुलट्या करून पाहत होती, मान वर करेना. लेक पावडर पाहायला पुढं गेली तशी ती माझ्या कानाशी आली.

“लेकीलेबी मालूम नाही वं.”

“मग घरी नेला कसा? बसमध्ये सगळ्यांनी पाहिलं असेल.”

“पाह्यलं ना! शेजारची म्हने, पारबताबाई, गिरनीवरून आली का? मी म्हनलं, हो.” ती पदर तोंडाला लावून हसली. “तुह्या त्या सेठनं काय केलं मालूम हाये?”

भाऊंनी काय केलं ते तिनं सांगितलं, आणि मी तशीच, डबा खायच्या सुट्टीत, त्यांच्या दुकानात गेले.

“भाऊ, त्या बाईले तांदूळ दुकानाच्या छापील थैलीत नाही दिला?”

“नाही.”

“जुन्या बोरीत भरला. वरून सुतळीनं शिवला. आणि ढोरांसाठीचा कोंडा आणून बोरीवर सगळीकडून चोळला, नुकतंच घरचं धान गिरणीतून भरडून आणल्यासारखा. खरं का?”

भाऊ तराजू पुसत राहिले. “तुह्या म्हनन्यापरमानं मी एक शब्द नाही इचारला. तोंड शिवून बसलो होतो. पर तुले अक्कल हाये का नंदे? मी नाही इचारलं, त बसमधले लोकं थोडेच गप रायतीन?”

मला तिथंच, त्या मिरचीच्या पोत्यापाशी, रडू फुटलं. भाऊ म्हणाले, “ठसका लागला काय वं?” आणि पाणी आणायला आत गेले.

आता माझी नोकरी दोन्हीकडची सुटली. गुडघे बोलतात. पण ओळखीच्या बाया अजून विचारतात, किराणा कुठून घ्यावा? मी सांगते, भाव सगळीकडे उन्नीस-बीस. माल पारखता येतो. तो घेऊन तुम्ही घरी कशा पोचाल, याची काळजी दुकानदाराला आहे का, तेवढं बघा.