टॉवेलखालचं वाळवण

मला किळस फार लवकर येते. साबणाला चिकटलेला केस, बेसिनच्या जाळीत अडकलेला भात, चहावरची साय, यांतलं काहीही सकाळी दिसलं की दुपारचं जेवण गेलंच म्हणायचं. त्यामुळे महिन्यातले ते चार दिवस मी कसे ढकलत असेन हे वेगळं सांगायला नको. पॅड काढायचं, कागदात गुंडाळायचं, कचऱ्यात टाकायचं आणि विसरायचं. पालेगावातल्या आमच्या बिल्डिंगच्या गेटपाशी कुत्र्यांनी कचऱ्याची पिशवी फोडली की मात्र विसरता येत नसे. मग मी मान दुसरीकडे वळवून चालू लागे.

पण लेकीला पॅड सोसेनात. तेराव्या वर्षी पाळी आली आणि दर महिन्याला जांघेत लाल चट्टे उठायला लागले. पोर पाय फाकवून चालायची आणि शाळेला दांडी मारायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्लास्टिक अंगाला लागू देऊ नका, सुती काहीतरी वापरा, धुऊन कडक उन्हात वाळवा. उन्हाचं त्यांनी निघताना परत बजावलं.

म्हणून दोघी उल्हासनगरच्या बाजारात गेलो. दुकानदार सिंधी, तोंडाचा गोड. त्याने पाळीत पॅडऐवजी घालायची, रक्त शोषून घेणारी काळी चड्डी काउंटरवर उलटी पसरली, मधल्या जाड पट्ट्यावर स्वतःच्या बाटलीतलं पाणी ओतलं आणि चारचौघांत ती उंच धरली. "देखो बहन, एक बूंद नीचे नहीं." लेक तोवर समोरच्या बांगड्यांच्या दुकानात जाऊन माझी कोणी नसल्यासारखी उभी होती. तिला एकटीला लाज वाटू नये म्हणून मी तिच्या मापाच्या दोन घेतल्या आणि माझ्याही दोन. हा मोठेपणा पुढे चांगलाच अंगाशी आला.

घालायला चड्डी बरी होती, खरा वैताग धुण्याचा. गार पाण्यात बुडवली की बादली लाल. पिळली की पट्ट्यातून आणखी काळपट गाळ. ते पाणी ओता, दुसरं घ्या, पुन्हा पिळा, तरी लाल. एकदा डाग लवकर जावा म्हणून मी गरम पाणी घातलं. डाग पक्का बसला आणि बाथरूमभर मटणाच्या दुकानाचा वास सुटला. स्वतःच्या अंगातलं असलं म्हणून काय झालं, मला उमासे आले. दारात लेक नाक दाबून उभी होती. "शी, मम्मी," एवढंच म्हणाली.

मग ती उठता बसता शी म्हणायला लागली. आधी चड्डीला, मग बादलीला, मग त्या बादलीत घातलेल्या स्वतःच्या हातांना. त्या दिवसांत सोफा सोडून ती कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची. आमच्याकडे कोणी तिला बाजूला बसवलेलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "माझा वास येतो."

वास येत होता हे खरं, पण तो तिचा नव्हता. आमची बिल्डिंग सासरच्यांच्याच भातशेतीवर उभी राहिली आहे, त्यामुळे जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटांत सगळी भावकी समोरासमोर. आमच्या बाल्कनीसमोर चुलत सासऱ्यांची बाल्कनी. सासूबाईंच्या काळी बायका असली फडकी घरामागच्या कुंपणावर गोणपाटाखाली वाळवत, पुरुषांच्या नजरेस पडू नयेत म्हणून. शेत गेलं, कुंपण गेलं, गोणपाटाच्या जागी टॉवेल आला. आत बाथरूममधल्या दोरीवर बायकांच्या चड्ड्या आणि वर टॉवेल, हा आमच्या घरचा नियम. मीही तो इतकी वर्षं मुकाट पाळला होता. पण तो जाड पट्टा टॉवेलखाली काय वाळणार? त्याला ओल्या पायपुसण्यासारखा कुबट वास यायचा. एकदा शिवणीत बुरशीचे पांढरे ठिपके दिसले आणि मी हातातली चड्डी झटकन पुन्हा बादलीत टाकली. लेकीने तसलीच दमट चड्डी घालून शाळा केली होती. चट्टे परत आले, आणि या खेपेला त्यांतून पाणी येत होतं.

माझं डोकंच फिरलं. समोरच्या बाल्कनीत चुलत सासऱ्यांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्ड्या लग्न झाल्यापासून बघते आहे. नाड्या लोंबताहेत, मागे भोकं, कडेला गुटख्याचे हात पुसलेले. त्यांना कधी कोणी टॉवेल पांघरला नाही.

पुढच्या महिन्यात चारही चड्ड्या मी खळखळून धुतल्या, उलट्या केल्या आणि बाल्कनीतल्या पुढच्या दोरीवर भर उन्हात चिमटे लावून टांगल्या. सासूबाई लगबगीने आल्या.

"आत घे ती. समोर मोठी मानसां हान."

"आई, डॉक्टरांनी ऊन सांगितलंय. टॉवेल नाही सांगितला."

त्या पुटपुटत आत गेल्या. थोड्या वेळाने समोरून चुलत सासूबाईंचा फोन आला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, "ती आयकत नाय," असं सांगून फोन ठेवला आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

दुपारी लेक शाळेतून आली. समोर चुलत सासरे खुर्ची टाकून बसलेले, तोंडात गुटखा, नजर थेट आमच्या दोरीवर. पोरीचा चेहरा लालबुंद झाला. सगळ्यांना दिसतंय, असं ती कुजबुजली. मी म्हटलं, दिसू दे, वाळल्यात का बघून ये. पडद्याआडून हात लांबवून तिने एक काढली आणि सवयीने नाकाशी नेली. मग पडदा सोडून ती पुढे आली आणि उन्हात उभं राहून तिने ती पुन्हा हुंगली.

"मम्मी, वास नाही येत."

समोरचे उठले, आमच्याकडे रोखून बघत कठड्याशी आले आणि खाली थुंकले. पिचकारी खालच्या मजल्याच्या भिंतीवर बसली आणि तिथल्या जुन्या लाल ओघळांवरून घरंगळत गेली. लेक चड्डी हातात धरून ते बघत राहिली.

"शी," ती म्हणाली, समोर ऐकू जाईल अशी. मग उरलेल्या तिन्ही काढून तिने आत आणल्या आणि सोफ्यावर मांडी घालून त्यांच्या घड्या घालायला लागली.