अण्णांचा रिकामा खण

अण्णांनी माझं नाव विचारायच्या आधी माझ्या लॅपटॉपची रॅम विचारली. यशवंतपूरच्या त्या इमारतीत आमचं सामान चढत होतं, लिफ्ट बंद होती, आणि जिन्यात हे गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन बाजूला उभे राहिले होते. माझ्या पाठीवरच्या बॅगेकडे बघून म्हणाले, "किती जीबी?" मी म्हटलं, बत्तीस. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, "पुण्याचे काय?" एवढंच विचारलं आणि उत्तर न ऐकता वर निघून गेले.

अण्णा मूळचे निपाणीकडचे. एका यंत्रांच्या कारखान्यात कॉम्प्युटर विभाग सांभाळून निवृत्त झालेले. घरात मराठी, बाहेर कन्नड आणि रागावले की दोन्ही. इमारतीत कोणाला नवा लॅपटॉप घ्यायचा असला की त्याने आधी अण्णांकडे जायचं, अशी रीतच होती. मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहूनच पोट भरतो, पण मला कोणी विचारत नसे. मीही पुढे अण्णांनाच विचारू लागलो.

सल्ला घ्यायला आलेल्याला अण्णांच्या पत्नी शैलाअक्का स्टीलच्या पेल्यातून कॉफी देत. अण्णा आधी त्याचा जुना लॅपटॉप उघडायला लावत आणि डॉक्टर जीभ बघतात तसा त्याचा ब्राउझर बघत. "एवढं उघडून बसलायस, वाचणार कधी?" मग ठरलेलं वाक्य यायचं, "आठात भागतंय, सोळात सुख आहे, बत्तीस म्हणजे माज." शेवटच्या शब्दाला मी समोर असलो तर माझ्याकडे बघत. तिसऱ्या मजल्यावरच्या एकाने सांगितलं, व्हिडिओ एडिट करायचे आहेत, जास्त रॅम लागेल. अण्णांनी विचारलं, "आतापर्यंत किती केलास?" तो म्हणाला, "करणार आहे अण्णा." "मग केल्यावर घे की." तो आठ जीबी घेऊन गेला. व्हिडिओ अजून आमच्या बघण्यात आलेला नाही.

अण्णांचा दुसरा नियम मात्र लोकांना पटत नसे. रॅमची पट्टी बसवायच्या जागेला आम्ही स्लॉट म्हणतो, अण्णा खण म्हणत. दोन खणांचाच लॅपटॉप घ्यायचा, एका खणात रॅम घालायची आणि दुसरा रिकामा ठेवायचा. "गरज मागनं वाढतेय बघा. तेव्हा जागा कुठनं आणणार?" हल्लीच्या पातळ लॅपटॉपांत रॅम आतच चिकटवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. त्यांचा विषय निघाला की अण्णांचा चेहरा आंबट व्हायचा. "ज्यात मागनं काही घालता येत नाही, ती वस्तू घरात आणू नये," असं ते अगदी शांतपणे सांगायचे.

मग त्यांच्या मेघनाला जर्मनीत प्रवेश मिळाला. एकुलती एक मुलगी. घरात आनंद झाला, पेढे वाटले गेले, आणि अण्णांना तिचा लॅपटॉप काही केल्या ठरवता येईना. सगळ्या इमारतीला पेला संपायच्या आत उत्तर देणारा माणूस रोज सकाळी सोळावर यायचा आणि संध्याकाळी परत बत्तीसकडे वळायचा. तिला पातळ, हलका हवा होता. ते त्या जाड, दोन खणांच्या यंत्रावर अडून बसले होते.

"पप्पा, ती धोंड कोण उचलून फिरणार तिकडं?"

"तुझी शाळेची बॅग याहून जड होती."

शेवटी मला पंच म्हणून दुकानात नेण्यात आलं. दुकानदार दमला होता. "सार, आता असले कोणी मागत नाही," असं त्याने कन्नडमध्ये, हिंदीत आणि इंग्रजीत सांगून बघितलं. अण्णा म्हणाले, "स्वल्प आत बघा की." आत एक निघाला. मेघनाने तो उचलून बघितला, वडिलांकडे बघितलं आणि "चालेल" म्हणाली. इतक्या लवकर ती ऐकेल असं मला वाटलं नव्हतं. सोळाची एक पट्टी त्यात होतीच. अण्णांनी तसलीच आणखी एक तिथल्या तिथे विकत घेतली आणि स्वतःच्या खिशात घातली.

घरी येताना मी विचारलं, "घेतलीच आहे, तर आत्ताच घालून द्या ना."

"आत्ता कुठं लागतेय? सुट्टीला येईल तेव्हा घालू."

"अहो अण्णा, दहा मिनिटांचं काम आहे. तिकडे कोणीही घालून देईल."

"तेच म्हणतोय मी," अण्णा म्हणाले आणि रिक्षा थांबवायला पुढे गेले.

पट्टी कपाटात राहिली. मेघनाचा फोन आला की ती तक्रार करायची, "पप्पा, फार हळू चालतोय हो." अण्णांना त्या दिवशी दोन घास जास्त जायचे. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले की सांगायचे, "हळू चालतोय म्हणे. आता यावंच लागेल तिला."

ती आली तेव्हा समारंभच झाला. अण्णांनी टेबलावर स्वच्छ पंचा अंथरला, मला बोलावलं, लॅपटॉप उलटा करून एकेक स्क्रू काढला. मेघना शेजारी हनुवटीला हात लावून बसली होती. अण्णांनी ब्रशने पंख्यावरची धूळ झटकली. मग ब्रश त्या रिकाम्या खणापाशी आला आणि जरा थांबला. "पंख्यात एवढी धूळ, आणि खण कसा लख्ख आहे," ते म्हणाले. अक्कांनी कपाटातून त्या पट्टीचं पाकीट आणून समोर ठेवलं. अण्णांनी ते हातात घेतलं, वळवून बघितलं आणि परत अक्कांकडे दिलं. "सोळात भागतंय अजून. यंदा राहू दे. पुढच्या खेपेला घालू." आणि झाकण लावून टाकलं. पुढच्या खेपेलाही हेच झालं. मला हा चक्रमपणा वाटला, आणि मी बायकोला तसं बोलूनही दाखवलं.

गेल्या वर्षी उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या, आधी अण्णा गेले. सकाळी फिरून आले, कॉफी मागितली आणि ती येईपर्यंत थांबले नाहीत. मेघना मिळेल त्या विमानाने आली. मला वडील जाऊन बरीच वर्षं झाली आहेत, तरी त्या दिवशी जिन्यात भाजीची पिशवी बघून मला रडू आलं.

तेरावं झाल्यावर अक्कांनी मला बोलावलं. पाकीट टेबलावर होतं. "ह्यांनी जपून ठेवलेलं. आता तरी घालून द्या हिला. तुम्हाला येतंय नव्हे?" मेघना म्हणाली, "राहू दे आई," पण अक्का अण्णांचा स्क्रू ड्रायव्हर शोधून घेऊनच आल्या आणि आम्हाला तिथे बसवून कॉफी करायला आत गेल्या.

मी स्क्रू काढले, झाकण उचललं. दोन्ही खण भरलेले होते.

मी मेघनाकडे बघितलं. ती हळू आवाजात म्हणाली, "तिकडं गेल्या गेल्याच दुसरी विकत घेऊन घातली होती मी. काम होईना तिच्याशिवाय. इकडं यायच्या आधी काढून ठेवायचे." मग म्हणाली, "ह्या वेळी घाईत राहून गेलं."

अण्णांना हे कळलं होतं का, मला सांगता येत नाही. पण कॉम्प्युटर उघडण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला रिकाम्या खणात धूळ का नाही हे कोणी समजावून सांगायला नको होतं. सगळ्या इमारतीत न समजलेला मी एकटाच असणार.

अक्का पेले घेऊन बाहेर आल्या. "घातली काय गं?"

मेघनाने माझ्या हातातलं झाकण घेतलं आणि लावून टाकलं.

"नाही आई. सोळात भागतंय अजून. यंदा राहू दे, पुढच्या खेपेला घालू."

"सरी, राहू दे," अक्का म्हणाल्या, आणि पाकीट कपाटात ठेवायला गेल्या.