तासलेली तुळई

मोरू सुतार चौथीपर्यंतच शिकलाय, हे विनीतने मला पहिल्याच भेटीत सांगितलं. जणू काही तो आजारच! मला तेव्हाच राग आला होता. साखरतरच्या खाडीकाठी चाळीस वर्षं ज्याने होड्या बांधल्या, ज्याच्या भरवशावर माणसं समुद्रात गेली, त्याची ओळख काय तर चौथी?

विनीत मुंबईत इंजिनिअर होता. निवृत्त होऊन गावी आला आणि माझ्या घरामागच्या कातळावर शेड उभारून दोन माणसांचं विमान बांधायला लागला. नकाशे परदेशी, लाकूड परदेशी आणि हात मोरूचे. विमान उडवणार होती त्याची मुलगी मनस्वी. तिच्याकडे वैमानिकाचा परवाना आहे. सुट्टीला आली की ती वडिलांपेक्षा मोरूकाकांजवळच जास्त बसायची.

पंखाच्या आत एक लांब तुळई असते, सगळा भार तिच्यावर. मोरूने ती नकाशाबरहुकूम बांधली, अगदी देखणी. आणि मग विनीतच्या डोक्यात किडा शिरला. तुळईच्या वरखाली कार्बन फायबरच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि लाकूड एक तृतीयांश तासून टाकायचं, म्हणजे वजन वाचेल. नकाशात असलं काही नव्हतं.

"विनीतभाव, लाकूड वाकतं, ही पट्टी वाकत नाय," मोरू म्हणाला. "एका बोज्याला दोघांना लावलं तर जी ताठ हाय ती पट्टीच बोजा वडनार. ती सुटली की समदा एकदम लाकडावर येनार. आनि लाकूड तर तुमी तासायला सांगताय."

"काका, ही होडी नाही. मी गणित केलंय."

जुन्या होड्यांवर फायबर मढवण्याचं काम मोरूने कितीतरी वर्षं केलंय. लाकूड ओलं असताना मढवलं की वरून चकचकीत आणि आत भुगा, अशा होड्या त्याने स्वतः खोलल्यात. दोन तऱ्हेचा माल एकत्र नांदवायला काय लागतं, हे त्याला विचारायला हवं होतं. पण विचारतो कोण? चौथी ना!

"बरा. तासतो," मोरू शेवटी म्हणाला. "पन पयल्या फेरीला मनस्वीच्या बाजूला मी बसनार."

नवी होडी पाण्यात उतरली की पहिल्या फेरीला तिचा सुतार आत बसतो, ही त्याच्या घरातली रीत. विनीत हसला. मनस्वी हसली नाही. ती म्हणाली, "मग आधी तुळईवर भार घालून बघू, बाबा."

"बघच," विनीत म्हणाला. त्याला काळजी कसली!

तासून, पट्ट्या चिकटवून महिना झाल्यावर तुळई एका टोकाला लोखंडी चौकटीत घट्ट बसवली. माझ्या आवारातले जांभ्याचे चिरे एकेक करून तिच्यावर रचत गेलो. विनीतच्या गणिताप्रमाणे तिने पंचेचाळीस पेलायला हवे होते. एकोणतिसाव्याला कडाड आवाज झाला. पट्टी सालीसारखी सोलून निघाली आणि तासलेलं लाकूड मोडून लोंबायला लागलं.

"सुताराच्या हातात दिलं की असंच होणार," विनीत म्हणाला.

मोरू उकिडवा बसला. सुटलेली पट्टी त्याने नाकाशी धरली, मग लाकूड हुंगलं. खवट खोबरेल. रंधा सरकावा म्हणून त्याच्या तळाला खोबरेल चोळायची सवय मोरूच्या हाताला बापापासूनची. होडी खिळ्यांनी जोडतात, आणि फायबर मढवताना रंधा लागत नाही, नुसतं घासतात; तिथे तेलाने काही बिघडत नाही. चिकटवायच्या लाकडावर मात्र तेच तेल उतरलं होतं.

"माजी चूक," मोरू म्हणाला. "रंध्याला त्याल लावलं मी. पट्टी धरली नाय ती माज्यामुळं."

आणि विनीतचा चेहरा खुलला! खरंच खुलला, मी बघितलाय. "ऐकलंत? तेल! म्हणजे माझं गणित बरोबर होतं!"

माझं डोकंच फिरलं. पण माझ्याआधी मनस्वी बोलली. "नकाशातल्याएवढं लाकूड ठेवलं असतं तर पट्टी सुटूनही तुळई टिकली असती. हो ना, बाबा?"

विनीत खाली पडलेले चिरे पुन्हा मोजायला लागला.

"काकांनी त्यांची चूक सांगितली. तुमची?"

"आता वाद कशाला? दुसरी बांधू."

"बाबा, आत मी असणार होते. आणि शेजारी हे."

"नव्हतीस ना पण!" विनीत म्हणाला.

मनस्वीने मोरूची हत्यारांची पिशवी उचलली आणि त्याला घरी सोडायला निघाली. जाताना तिने मागे वळूनही बघितलं नाही.

विनीत घाम पुसत माझ्या पडवीत आला आणि म्हणाला, जरा चहा टाका. मी म्हटलं, दूध नाही. दूध होतं.