एका दमात अर्थशास्त्र

मुकुंदवाडीजवळच्या आमच्या लहानशा कॉलेजात मी मुलींना कबड्डी शिकवते. मैदान म्हणजे पार्किंगमागची मोकळी जागा. प्राचार्यांची गाडी हलली की आमचा सराव सुरू. मला हरलेलं खपत नाही, हे आधीच सांगून टाकते.

गेल्या वर्षी संघात अजिंठ्याकडची एक पोरगी होती. घरी मेंढरं, लहानपण त्यांच्यामागं पळण्यात गेलेलं. ती चढाईला गेली की समोरच्या मुलींची त्रेधा उडायची. अर्थशास्त्रानं मात्र तिला दोनदा लोळवलं होतं. वडिलांनी बजावलं होतं, "औंदा नापास झालीस तर घरी यायचं. लई झालं शिक्षण." मला हे सांगताना ती रडली नाही, पण तिच्या तोंडाकडं बघवेना.

पुस्तक घेऊन बसवलं की तिला झोप यायची. मी ओरडून पाहिलं, ढिम्म फरक नाही. मग आमच्या कर्णधारानं तिला ताब्यात घेतलं. ही कर्णधार अभ्यासात हुशार आणि बोलायला फटकळ. तिनं फर्मान काढलं, "उद्यापासून सरावात कबड्डी-कबड्डी बंद. चढाई करायची ती उत्तर म्हणत. चुकलीस की बाद!"

झालं! मैदानावर "किंमत वाढली की मागणी घटते, किंमत घटली की मागणी वाढते" असा गजर सुरू झाला. पकडायला उभ्या असलेल्या मुली आधी उत्तर तपासायच्या, मग पाय ओढायच्या. बघता बघता सगळ्या संघाला अर्थशास्त्र पाठ झालं, इतिहासवाल्यांनासुद्धा. मला कर्णधाराचं फार कौतुक वाटायचं, आणि हे आपल्याला का सुचलं नाही म्हणून थोडा रागही यायचा.

मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आली. उपांत्य सामना, गुण बरोबरीत, शेवटची चढाई. आमची पोरगी रेषा ओलांडून गेली आणि खणखणीत आवाजात सुरू झाली, "किंमत वाढली की मागणी घटते..." पंच आधी बघतच राहिले. मग शिट्टी. चढाईत कबड्डी म्हटलं नाही तर गुण समोरच्यांना, नियमच आहे. आम्ही एका गुणानं हरलो.

माझं डोकं असं फिरलं की मी पाण्याची बाटली आपटली. पोरगी मान खाली घालून मैदानातच उभी. कर्णधार धावत गेली, तिला मिठी मारली आणि हसत सुटली. "अगं, एवढ्या टेन्शनमध्ये विसरली नाहीस, आता पेपरात काय विसरणार?" सगळ्या पोरी हसायला लागल्या. मीही हसले, काय करणार!

तिसऱ्या खेपेला विषय सुटला. निकाल ऐकून मी स्टाफरूममध्ये अक्षरशः नाचले.

जूनमध्ये तिचे वडील आले. मला वाटलं, पास झाली तरी हिला न्यायलाच आले. पण त्यांच्या मागं एक बारकी पोरगी उभी होती.

"मॅडम, ही धाकटी. मोठी तर घरी यायची नाय म्हणती. म्हणलं, हिलाबी इथंच टाकावं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कर्णधार शेजारीच होती. तिनं त्या पोरीला उभ्या उभ्या विचारलं, "तुला कोणता विषय अवघड जातो गं?"